पंखा तीनवर

टीव्हीच्या पडद्यावरचं, गेममधलं नेमाचं वर्तुळ थरथरलं तेव्हा कादंबरीने आधी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. हात स्थिर होता. कोपर गुडघ्यावर टेकलेलं, मनगट सरळ, अंगठा बटणाच्या किंचित वर. नव्याने लागलेल्या पोरांना ती पहिल्या दिवशी शिकवते, अगदी तसा. तरी ते पांढरं वर्तुळ वाळूच्या पोत्यांच्या भिंतीवर एका जागी ठरत नव्हतं. उगाच डावीकडे सरकायचं, परत यायचं, मध्येच दचकल्यासारखं वर उडायचं. तिने रिमोट टीपॉयच्या कडेवर टेकवला, वरून दोन्ही हातांनी दाबून धरला. टीपॉय काही थरथरत नाही. वर्तुळ थरथरत राहिलं. हे तिने पूर्वी एकदा पाहिलं होतं. ह्याच खोलीत, ह्याच सोफ्यावरून. तेव्हा रिमोट बाबांच्या हातात होता.

रविवारची दुपार होती, मार्च सुरू झाला होता. नवी पेठेतल्या ह्या फ्लॅटमध्ये ती दर रविवारी वाघोलीहून येत होती, बाबा गेल्यापासूनचे चार महिने. एकेक कपाट आवरायचं, आईबरोबर जेवायचं, परत जायचं. आज सकाळी आमोदचा फोन आला होता. "ताई, ते बाबांचं गेमचं मशीन आहे ना, आमच्या ऑफिसात एकजण जुनी मशीन्स जमवतो. चालत असेल तर देऊन टाकू. तू बघ ना चालवून, तू एक्स्पर्ट." धाकटा भाऊ एक्स्पर्ट म्हणतो तेव्हा काम चिकटवत असतो, हे तिला माहीत होतं. पण एक्स्पर्ट ती होतीच. पंधरा वर्षं ती खराडीतल्या एका कंपनीत दुसऱ्यांनी बनवलेल्या गेम्समधल्या चुका शोधत होती. चूक दिसली म्हणून ती चूक ठरत नाही, तीनदा पुन्हा घडवून दाखवावी लागते, मगच रिपोर्ट लिहायचा. हा नियम कंपनीचा होता, पण तो पाळण्यात तिच्याइतकं कडक कुणी नव्हतं. तिचा रिपोर्ट परत आला, असं अजून झालेलं नव्हतं.

टीव्हीसमोर शोकेसवर दोन निरांजनं तेवत होती. त्याशिवाय हे मशीन चालत नसे. रिमोटच्या नाकाडात एक बारीक डोळा असतो आणि टीव्हीजवळ डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाची एक पट्टी ठेवायची असते, तिच्या दोन टोकांना दोन ठिपके. ते दोन ठिपके पाहून रिमोट ठरवतो की हात कुठे रोखलेला आहे. हे मशीन बाबांकडे आलं तेच पट्टीशिवाय. वाघोलीच्या कुठल्याशा होस्टेलवरच्या मुलाने ते दुरुस्तीला टाकलं आणि न्यायला तो परत आला नाही. वर्षभर वाट पाहून बाबांनी ते घरी आणलं, पट्टीवाचून काय करायचं याचा दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी देवघरातली जोडीची निरांजनं उचलून आणली. तोच उजेड ज्योतीतही असतो म्हणाले. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघत होती. "अहो, टीव्हीला ओवाळून झालं असेल तर जेवायला या." पुढे ते रोजचंच झालं. निरांजन फुंकून विझवायचं नाही, हा आईचा दंडक, त्यामुळे तूप संपेपर्यंत बाबांना खेळायला सूट असे. दोन मोहिमांचं तूप घाल, असं ते आईला सांगत. शोकेसच्या सनमायक्यावर तुपाचे दोन गोल डाग पडले होते, बरोब्बर एका वितीवर. आज कादंबरीला माप शोधावं लागलं नाही. तिने डागांवर निरांजनं ठेवली, पडदे ओढले आणि मशीन चालू केलं. नोव्हेंबरात ह्याच खोलीच्या दक्षिणेच्या कोपऱ्यात दहा दिवस एकच दिवा जळत होता. त्यात तेल घालायचं काम तिच्याकडे होतं. त्या दिव्याकडे पाहत बसलं की समोर काहीतरी आहे एवढंच कळायचं, आपण कुठे आहोत ते कळत नसे. एका दिव्यावर रिमोटचंही असंच होतं.

बुधवार पेठेत, तात्यारावांच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानाच्या पोटमाळ्यावर, बाबांचं टेबल अडतीस वर्षं होतं. आधी ट्रान्झिस्टर, मग टेपरेकॉर्डर, मग टीव्ही, शेवटी शेवटी नुसते रिमोट. लहानपणी शाळा सुटली की ती तिथे जाऊन बसायची. बाबा श्वास सोडून घेत, सोल्डरिंग आयर्नचं टोक तारेला लावत आणि थेंबभर कथील पसरून चकाकत बसे. त्याला ते जुन्या कारागिरांसारखं डाग देणं म्हणत. चांगला डाग आरशासारखा दिसला पाहिजे, करडा आणि खडबडीत दिसला तर समज हात हलला. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक वस्तूला दोऱ्याने एक चिठ्ठी बांधलेली असे. तिच्यावर गिऱ्हाइकाचं नाव, त्याखाली तक्रार, त्याखाली दोष. "ह्यात फरक काय?" तिने विचारलं होतं, तिसरीत असताना. "गिऱ्हाईक सांगतं ती तक्रार. आपल्याला सापडतो तो दोष. दोन्ही एकच निघाले तर पुन्हा तपासायचं, आपलं काहीतरी चुकतंय." तिला पुढे ज्या कामाचा पगार मिळाला त्या कामाची बाराखडी तिने त्या पोटमाळ्यावर गिरवली होती. हे ती ऑफिसात कुणाला सांगत नसे. बाबांनाही कधी सांगितलं नव्हतं.

हा युद्धाचा गेम मोठ्या, दणकट मशीन्सवर आला तेव्हा ती नुकतीच नोकरीला लागली होती. त्यातला धूर, धातूवरचा पावसाचा ओला ओघळ, शंभर शंभर सैनिक पाहून ती आणि तिच्या मैत्रिणी थक्क झाल्या होत्या. वर्षभराने तोच गेम ह्या छोट्या पांढऱ्या मशीनवर उतरवला गेला. त्याची सगळ्यांनी टिंगल केली, तिने जरा जास्तच. बाबा तो खेळायला लागले ते त्यानंतर नऊ-दहा वर्षांनी. "बाबा, हा खरा गेम नाही हो. ह्यातली निम्मी माणसं कापलीत." बाबांनी पडद्यावरून नजर न काढता म्हटलं, "कापली ते बरं केलं. तेवढी मला मारायला नकोत." लांबची घरं दिसत नाहीत, सगळं धुक्यात बुडवून टाकलंय, असं ती म्हणाली तर ते उलट खूश झाले. "जेवढं मशीनला झेपत नाही तेवढ्यावर धुकं टाकलंय. शहाणा माणूस आहे कुणीतरी. भरपूर ताकद असली की कुणीही करेल गं, हे एवढ्याशावर बसवलंय बघ." मग, तिला पटलेलं नाही हे बघून, "आणि तुमच्या त्या खऱ्या गेममध्ये नेम अंगठ्याने धरतात. अंगठ्याने कुणी नेम धरतं का? इथे हाताने धरायचा." ती हसली होती. सत्तरीच्या माणसाच्या शौकाकडे बघून हसतात, तसं.

आणि मग अडीच वर्षांपूर्वीची ऑक्टोबरातली ती संध्याकाळ. दिवसभर उकाड्याने जीव गेला होता. ती ऑफिसातून थेट आली होती, सोफ्यावर पाय पसरून बसली होती, आणि पडद्यावरचं वर्तुळ भुतासारखं नाचत होतं. बाबांचे नेम एकामागून एक चुकत होते. ते पुन्हा पुन्हा रोखत होते. तिने ते दोन-तीन मिनिटं पाहिलं असेल. "बाबा, हात थरथरतोय तुमचा." ज्या आवाजात ती मीटिंगमध्ये बोलते त्या आवाजात. बाबांनी पडद्याकडे पाहिलं, मग हाताकडे. "थरथरतोय?" "दिसतंय ना समोर. कधीपासून होतंय?" "माझ्या लक्षात नाही आलं." "असल्या गोष्टी स्वतःच्या लक्षात येत नाहीत, बाहेरच्याला दिसतात. तापलेलं आयर्न हातात घेता तुम्ही. पोटमाळ्याचा जिना चढता. पुरे करा आता." त्यांनी रिमोट खाली ठेवला आणि तो हात सदऱ्याच्या खिशात घातला. तो खिशात गेलेला हात तिला आज जितका स्वच्छ दिसला तितका तेव्हा दिसला नव्हता. डॉक्टरकडे चला म्हटलं तर आले नाहीत. पण आठवड्याच्या आत त्यांनी टेबल सोडलं. मुलगी ह्या कामातली आहे, ती उगाच बोलायची नाही, असं ते तात्यारावांना म्हणाले. हे तात्यारावांनीच तिला कौतुकाने सांगितलं होतं. महिन्याभरात तिथे मोबाइलच्या कव्हरांचे खोके लागले.

कादंबरीने मान वर केली. पंखा फिरत होता. तीनवर. तिनेच आल्या आल्या लावला होता. निरांजनांच्या ज्योती एका बाजूला झुकत होत्या, सावरत होत्या, परत झुकत होत्या, आणि पडद्यावरचं वर्तुळ त्यांच्याबरोबर, अगदी त्यांच्याच तालात, हलत होतं. ती उठली. बटण बंद केलं. पाती मंदावून थांबायला किती वेळ लागतो हे तिने कधी मोजलं नव्हतं. शेवटी ज्योती उभ्या राहिल्या. तिने रिमोट उचलला, रोखला. वर्तुळ भिंतीवर खिळा ठोकल्यासारखं थांबलं. एकदा. तिने पंखा पुन्हा लावला, तीनवर. थरथर आली. बंद केला. गेली. दोनदा. तिसऱ्यांदा करायची गरज नव्हती हे तिला माहीत होतं आणि तिसऱ्यांदा केल्याशिवाय राहवणार नाही हेही. तिसऱ्यांदा पंखा थांबेपर्यंत ती भिंतीला पाठ लावून उभी राहिली. रडू आलं नाही. काम करताना येतं तसं गार, लख्ख भान आलं. ऑक्टोबर होता. उकाडा होता. पंखा लावला होता आणि तो तिनेच लावला होता, आल्या आल्या, पर्स टाकून. तिने एका संध्याकाळी, एकदाच, सोफ्यावरून पाहिलं आणि रिपोर्ट लिहून टाकला. गिऱ्हाइकासारखं. तक्रार आणि दोष एकच धरले, आणि पुन्हा तपासलं नाही. तिच्या टेबलावर कुणा नवख्या पोराने असा रिपोर्ट आणून ठेवला असता तर तिने तो त्याच्यासमोर फाडला असता. इथे त्यावर एका माणसाचं अडतीस वर्षांचं टेबल गेलं होतं. पण अजून एक गोष्ट तिला ठाऊक नव्हती, आणि तेवढी कळल्याशिवाय तिला ह्या खोलीतून बाहेर जाता येणार नव्हतं. पंखा होता म्हणजे हात स्थिर होता असं सिद्ध होत नाही. दोन्ही असू शकतं. तिचं चुकलं असूनही ते खरं असू शकतं.

आतल्या खोलीत आई पलंगावर साडीला फॉल लावत बसली होती. मंदाकिनीबाई विमा कंपनीतून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली तरी त्यांचा चष्मा, पेन आणि टाचणीची डबी ऑफिसातल्यासारखी उजव्या हाताला ओळीने असे.

"आई, बाबांचा हात थरथरत होता का गं?"

"कधी?"

"कधीही. शेवटी शेवटी."

आईने टाका घातला, दोरा ओढला. "माझ्या सुईत दोरा कोण ओवून द्यायचं? तू?"

"म्हणजे?"

"म्हणजे काय? मोतीबिंदूच्या आधीपासून तेच द्यायचे. जायच्या आदल्या दिवशी चार सुया ओवून ठेवल्यात, ह्या बघ. ही शेवटची. एका झटक्यात ओवायचे. त्याचीही ऐट."

कादंबरी दाराच्या चौकटीला टेकली. "तुला माहीत होतं, मग मला बोलली का नाहीस?"

"मी बोलणार होते. तुझे बाबा नको म्हणाले." आईने चष्म्यावरून पाहिलं. "पहिले पंधरा दिवस हात समोर धरून बसायचे. सकाळी, संध्याकाळी, पेपर वाचताना. तेव्हा घाबरले होते, उगाच कशाला खोटं सांगू. मग एक दिवस वीज गेली. पंखा बंद. इन्व्हर्टरवर टीव्ही तेवढा चालू. बसले होते खेळत. एकदम मोठ्याने हसायला लागले. मला वाटलं, झालं, आता डोकंही गेलं."

"मग सांगायचं ना मला! टेबल परत..."

"टेबल कधीच गेलं होतं. मी म्हटलं, फोन करते पोरीला. तर म्हणाले, रिपोर्ट तिचा आहे, तीच फिरवेल. आपण खाडाखोड करायची नाही."

"आणि तुला पटलं ते?"

"बेचाळीस वर्षांत, मंदाकिनी, तुला पटतंय का, असं कुणी विचारलं नव्हतं. तेव्हाही नाही विचारलं."

"रागावले होते?"

आई फॉलची कड नखाने दाबत गेली. "मला म्हणाले, बरंच झालं, तो जिना आता चढवत नव्हता. खरं सांगत होते की मला बरं वाटावं म्हणून, ते मला विचारू नकोस. मीही विचारलं नाही." मग सुई उचलून, "तुला बोलावलं होतं की त्यांनी."

बोलावलं होतं. फोनवर. "रविवारी ये, तुझा तो रिपोर्ट पुन्हा तपासायचाय." "कुठला रिपोर्ट बाबा?" "तू ये तर खरी." तिला तो म्हाताऱ्या माणसाचा विनोद वाटला होता, सारखं ये ये म्हणायचं नसलं की माणसं असं काहीतरी काढतात. ती गेलीही होती एका रविवारी. आमोद होता, पुरणपोळी होती, आणि ती जेवणाच्या पानावरही फोनवर ऑफिसचं काहीतरी निस्तरत होती. बाबा हात धुऊन शोकेसजवळ जाऊन उभे राहिले होते, मशीनच्या खोक्यावर तळवा ठेवून. तिने वर पाहिलं तेव्हा ते म्हणाले, "असू दे, काम कर." हे तिला आठवत होतं, फोटोसारखं. तो तळवा खोक्यावर अगदी स्थिर होता.

"खोक्यात बघितलंस का?" आई म्हणाली. "मी हात लावलेला नाही."

मशीन तिने वरच्या वर काढून घेतलं होतं. पुठ्ठ्याचा खालचा खण तिने उचललाच नव्हता. त्यात जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक लाकडी फूटपट्टी होती, आईच्या ऑफिसातली, निळ्या शाईचे डाग पडलेली. दोन इंचावर आणि दहा इंचावर रिमोटमधले काढलेले दोन दोन बारीक दिवे बसवले होते, मागून तारा, तारांच्या शेवटी मोबाइल चार्जरचं टोक. तिने पट्टी खिडकीजवळ नेली, पडदा वितभर सरकवला आणि उलटी करून पाहिली. आठ डाग होते. तिने ते एकेक करून पाहिले, वेळ घेऊन, जसं तिला शिकवलं होतं तसं. आठही आरशासारखे होते. एवढ्याशा प्रत्येक थेंबात खिडकी दिसत होती, गज आणि आभाळासकट.

पट्टीला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली होती. पोटमाळ्यावरची, छापील रकान्यांची, शिल्लक राहिलेल्यांतली एक. अक्षर बाबांचं, बारीक, सरळ रेषेत.

नाव: कादंबरी.
तक्रार: हात थरथरतो.
दोष: पंखा तीनवर.
दुरुस्ती: झाली. घेऊन जाणे.

तिने ती दोनदा वाचली. घेऊन जाणे हे ते सगळ्याच चिठ्ठ्यांवर लिहीत. वस्तू तयार आहे, आता तिचं इथे काम नाही, एवढाच त्याचा अर्थ. तिने निरांजनं एकेक करून देवघरात नेऊन ठेवली, फुंकली नाहीत. मग शोकेसवरच्या तुपाच्या डागांच्या जागी फूटपट्टी ठेवली, टोक मशीनच्या पाठीमागे खोचलं. काहीच झालं नाही; दिवे लागलेले दिसत नव्हते. दिसणार नव्हतेच. तिने फोनचा कॅमेरा त्यांच्यासमोर धरला तेव्हा पडद्यात चार जांभळट ठिपके फुलले. फोन बाजूला केला, पुन्हा अंधार. तिने उठून पंखा लावला. तीनवर. आणि रिमोट रोखला.

वर्तुळ हललं नाही. तिचा हात जाईल तिथे गेलं, थांबेल तिथे थांबलं. खेळणाऱ्यांच्या यादीत दोन नावं होती, इंग्रजी अक्षरांत, श्याम, म्हणजे बाबा, आणि कादंबरी. श्यामच्या सगळ्या मोहिमा पूर्ण होत्या. कादंबरीपुढे शून्य होतं. तिने दुसरं नाव निवडलं. बोटीतून उतरायचं, वाळूच्या पोत्यांआडून पुढे सरकायचं, मोडका पूल गाठायचा. लांबचा किनारा धुक्यात होता. चौदा वर्षांपूर्वी तिने ह्या धुक्यावर एक चुरचुरीत वाक्य लिहिलं होतं, ऑफिसातल्या फळ्यावर. सगळे हसले होते. आता खेळताना तिच्या लक्षात आलं की धुकं सगळीकडे सारखं नाही. जिथे वाट आहे तिथे ते विरळ केलंय, जिथे नुसता देखावा हवा तिथे दाट. माणसं कमी, म्हणून प्रत्येकाला उभं राहायला जागा नेमून दिलेली. कुणीतरी बसून ठरवलं होतं, काय ठेवायचं आणि काय गेलं तरी चालेल. हे जिकिरीचं, नेटकं काम होतं. चांगला डाग होता. तिने श्वास सोडला आणि बटण दाबलं. नेम लागला. ती पुलापर्यंत गेली, चुकत माकत, पण एकदाही थांबली नाही.

पूल ओलांडल्यावर तिने मशीन बंद केलं आणि आमोदला फोन लावला.

"चालतंय का?" त्याने विचारलं.

"उत्तम चालतंय. पण देता येणार नाही."

"का गं?"

"दुरुस्तीला आलं होतं. गिऱ्हाईक न्यायला आलंय."

"कोण? तो होस्टेलवाला? इतक्या वर्षांनी?"

"उशीरच झाला जरा," ती म्हणाली. "तुझ्या मित्राला माझ्याकडची दुसरी दोन मशीनं देते. ह्याच्यापेक्षा दणकट आहेत." सोमवारी बुधवार पेठेत जाऊन तात्यारावांना सगळं सांगायचं, हेही तिने त्याच क्षणी ठरवलं. सांगून टेबल परत येणार नव्हतं. पण रिपोर्ट चुकला असेल तर तो ज्याच्या ज्याच्याकडे गेला त्या प्रत्येकाला कळवायचा असतो.

तिने पंखा बंद केला, पडदे उघडले, फूटपट्टी त्याच वर्तमानपत्रात गुंडाळून चिठ्ठीसकट पर्समध्ये ठेवली. आतून आईची हाक आली. चौथ्या सुईचा दोरा संपला होता. "चष्मा घालूनही दिसत नाही मेलं भोक. एवढं ओवून दे." आई बाहेर येऊन तिच्यासमोर सोफ्यावर बसली, साडी मांडीवर. कादंबरीने सुई उजेडाकडे धरली, दोऱ्याचं टोक जिभेने ओलं केलं आणि नेम धरला. टोक नेढ्याच्या बाजूने निघून गेलं. तिने पुन्हा धरला. पुन्हा गेलं. तिसऱ्यांदा तिने कोपर गुडघ्यावर टेकवलं, मनगट सरळ केलं, श्वास सोडला, आणि दोरा सुईच्या अलीकडे, हवेतच, थरथरत राहिला.

आई तिच्या हाताकडे बघत होती. मग म्हणाली, "पंखा बंद करू का?"

कादंबरीने वर पाहिलं. पंखा बंदच होता. दोघी एकदमच हसल्या, आणि हसता हसता कधीतरी दोरा आत गेला.